नेट असणं वेगळं, नेटची सक्ती वेगळी

कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, कायम ऑनलाइन असलाच पाहिजे ही अट खेळणाऱ्याच्या फायद्याची आहे का, हा वाद दर दोन-तीन वर्षांनी नव्याने पेटतो आणि दरवेळी त्याच रस्त्याने जातो. एक बाजू म्हणते की आजकाल नेट कोणाकडे नाही, फोन चोवीस तास ऑनलाइन असतो त्याचं काही वाटत नाही आणि कन्सोलने नेट मागितलं की लगेच स्वातंत्र्य धोक्यात येतं होय? दुसरी बाजू म्हणते आमच्याकडे नेट जातं, प्रवासात नसतं, बोटीवर नसतं, लष्करी तळावर नसतं. त्यावर पहिली बाजू विचारते असे लोक असून असून किती, मग दोन्हीकडून आकडे निघतात, आणि बघता बघता सगळा वाद नेटच्या कव्हरेजचा होऊन बसतो. माझं म्हणणं असं की दोघंही भलत्याच जागी खणतायत. उद्या जगातल्या प्रत्येक घरात एक सेकंदही न जाणारं नेट आलं तरी ही अट खेळाडूच्या तोट्याचीच राहील, कारण मुद्दा नेट आहे की नाही हा नाहीच, मी पैसे मोजून घेतलेली वस्तू सुरू करताना कोणाची परवानगी घ्यायची आणि किती वेळा घ्यायची हा आहे. नेटचे फायदे खरे आहेत, ते कोणी नाकारत नाही. पण ते नेट असण्याचे फायदे आहेत. नुसत्या सक्तीमुळे खेळाडूच्या पदरात पडलेली आणि सक्तीशिवाय पडलीच नसती अशी एक तरी गोष्ट दाखवा, असं मी सक्तीच्या बाजूच्या लोकांना विचारत असतो.

हा वाद कव्हरेजमध्ये अडकला त्याचं मूळ बहुतेक २०१३ मध्ये आहे. एक्सबॉक्स वन या मायक्रोसॉफ्टच्या नव्या कन्सोलची घोषणा झाली आणि जूनमध्ये कंपनीने नियम सांगितले: स्वतःच्या कन्सोलवर दर २४ तासांनी एकदा नेटवरून हजेरी लावायची, दुसऱ्याच्या कन्सोलवर स्वतःची लायब्ररी, म्हणजे विकत घेतलेले गेम, वापरत असाल तर दर तासाला, हजेरी चुकली की गेम बंद. लोक भडकले. तेव्हा एक्सबॉक्सचे प्रमुख असलेले डॉन मॅट्रिक एका मुलाखतीत म्हणाले की ज्यांच्याकडे नेट नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे आधीचा एक्सबॉक्स ३६० आहे की, आणि वर अणुपाणबुडीवरच्या माणसाचा दाखलाही दिला. म्हणजे त्यांच्या लेखी सुद्धा तक्रार करणारा माणूस एकच, समुद्राच्या तळाशी बसलेला! घरात चांगलं नेट असलेल्या माणसालाही हे नको असू शकतं ही शक्यता त्या उत्तरात कुठे नव्हतीच. त्याच महिन्यात सोनीने स्टेजवरून सांगितलं की त्यांच्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) या कन्सोलला अशी हजेरी लागणार नाही, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि १९ जूनला मायक्रोसॉफ्टने सगळं मागे घेतलं. लोकांना वाटलं जिंकलो. वरवर जिंकलेच, पण कन्सोलच्या पुढच्या दाराने हाकललेली अट मागच्या दाराने एकेका गेममधून आत आली, आणि तिथे टाळ्या वाजवायला किंवा बोंब मारायला कोणी जमलं नव्हतं.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, जो चिडलेले लोक सहसा ऐकूनच घेत नाहीत. २०१३ च्या त्या योजनेत खेळाडूला खरोखर काहीतरी मिळत होतं. डिस्क एकदा इन्स्टॉल केली की परत घालायची गरज नाही, आणि घरातल्या दहा जणांपर्यंत लायब्ररी वाटून घेता येणार होती. आता हजेरीच नसेल तर एकच डिस्क शंभर कन्सोलवर इन्स्टॉल करून पुढे विकली तर कोण धरणार? अट गेली तसे हे दोन्ही फायदेही गेले, आणि तुम्हीच आरडाओरडा करून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला असं म्हणणारे आजही भेटतात. बरोबर आहे, फायदे गेले. पण ते रोजच्या हजेरीशिवाय शक्यच नव्हते का? पुढच्या काही वर्षांत काय झालं बघा. पीएस४ वर एक कन्सोल प्रायमरी ठरवला की त्यावर घरातला कोणीही डिजिटल गेम खेळू शकतो, नेट नसतानाही. एक्सबॉक्सवर होम कन्सोलची सोय तशीच. २०२५ मध्ये निन्टेंडो या तिसऱ्या कन्सोल कंपनीने व्हर्च्युअल गेम कार्ड, म्हणजे डिजिटल गेमची कार्डं, आणली, त्यात घरच्या माणसाला गेम दोन आठवडे उसना देता येतो, आणि कार्ड एका मशीनवरून दुसऱ्यावर जाताना काय तपासायचं ते तपासलं की पुढे निवांत ऑफलाइन खेळा. म्हणजे हात बदलताना एकदा तपासणी केली की पुरतं. वस्तू ज्याच्याकडे आहे तो अजून तोच आहे ना, हे रोज सकाळी उठून विचारत बसायची काही गरज नव्हती. देवाणघेवाणीच्या वेळची नोंद ही रास्त मागणी आहे, मला मान्य आहे, पण २४ तासांची हजेरी ही त्या नोंदीवर चढवलेली फालतू पाळत होती आणि वाटून घेण्याच्या गोड फायद्याआड ती खपवली जात होती.

पाळत म्हटलं की लोकांना अतिशयोक्ती वाटते, म्हणून प्रत्यक्ष काय होतं ते बघू. मार्च २०२२ मध्ये ग्रॅन टुरिस्मो ७ आला. गाड्यांचा खेळ, मुख्य भाग एकट्याने खेळायचा, कॉम्प्युटरच्या गाड्यांशी शर्यत लावायची, गाड्या जमवायच्या. पण कोणाच्या गॅरेजमध्ये कुठली गाडी आहे हा हिशोब सर्व्हरवर, त्यामुळे नेट नसेल तर थोडासा किरकोळ भाग सोडून बाकी सगळं बंद. गेम बाजारात येऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा एक अपडेट बिघडला आणि तीस तासांहून जास्त वेळ सर्व्हर बंद राहिले. डिस्क ड्राइव्हमध्ये, सगळा डेटा हार्ड ड्राइव्हवर, घरचं नेट ठणठणीत, आणि समोर कोणीही माणूस नसलेली शर्यत लावता येत नाही. इथे खेळाडूच्या कव्हरेजचा काय संबंध? नेट त्याचं गेलं नव्हतं, कंपनीचं गेलं होतं.

याहून जुना आणि माझ्या मते जास्त बोलका दाखला २०११ चा. हॅकिंगमुळे सोनीची ऑनलाइन सेवा, प्लेस्टेशन नेटवर्क, एप्रिलमध्ये बंद पडलं ते तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिलं, ७ कोटी ७० लाख अकाउंटचा प्रश्न होता. त्या काळात पीएस३ वर डिस्कवाले गेम चालू होते, विकत घेतलेले बहुतेक डिजिटल गेमही चालू होते, फक्त मित्रांशी ऑनलाइन खेळता येत नव्हतं. पण कॅपकॉमचे फायनल फाइट डबल इम्पॅक्ट आणि बायोनिक कमांडो रिआर्म्ड २ हे दोन डाऊनलोड गेम सुरू होताना नेटवर्कवर लॉगिन मागायचे, ते एकट्याने खेळायलाही बंद. एकच मशीन, एकच स्टोअर, एकच संकट, आणि फरक फक्त त्या एका अटीचा. या अटीने खेळाडूला काय दिलं हे ठरवायला याच्यापेक्षा स्वच्छ प्रयोग कोणी मुद्दाम मांडला असता तरी जमला नसता.

आणि ज्या सोनीला २०१३ मध्ये टाळ्या मिळाल्या तिचीही एक गंमत सांगतो. पीएस४ च्या मदरबोर्डवर एक छोटी गोल बॅटरी असते, घड्याळात असते तसली, मशीनचं प्लग काढलं तरी वेळ चालू ठेवायला. २०२१ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ती बॅटरी संपली आणि तेव्हाच नेटवर्कशी संपर्क नसेल तर डिजिटल गेम तर सोडाच, डिस्कवरचे गेमही सुरू होत नाहीत. कारण काय, तर ट्रॉफी (गेममध्ये काही साधलं की मिळणारं डिजिटल बक्षीस) कधी मिळाली त्याची तारीख खोटी पडू नये म्हणून वेळेची खात्री करायची होती. कोणीही बसून असं ठरवलं नव्हतं की दहा-वीस वर्षांनी सगळे पीएस४ निकामी करू. ट्रॉफीच्या तारखेसाठी म्हणून एक धागा सर्व्हरला बांधला गेला आणि पूर्ण लायब्ररी त्याला लटकली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटमध्ये सोनीने फारसा गाजावाजा न करता हे दुरुस्त केलं, त्याबद्दल त्यांचं कौतुक. पण दुरुस्त करायला सर्व्हर जिवंत होते, कंपनी जिवंत होती, आणि कोणीतरी बॅटरी काढून बघितली होती, एवढ्या गोष्टी जुळून आल्या म्हणून.

आता तांत्रिक गरजेचा युक्तिवाद, की गेम आता इतके मोठे झालेत की सर्व्हरशिवाय चालूच शकत नाहीत. काही बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा फ्लाइट सिम्युलेटर अख्ख्या पृथ्वीचा नकाशा दाखवतो, त्यामागे दोन पेटाबाइटच्या (वीस लाख गीगाबाइटच्या) वर डेटा आहे, तो कोणाच्या घरच्या मशीनवर मावणार? पण गंमत अशी की तोच गेम नेट नसताना बंद पडत नाही, जमीन जरा भकास दिसते, इमारती ठोकळेबाज होतात, पण विमान उडतं. ज्या गेमला सर्व्हरची सगळ्यात खरी गरज आहे तो जर असा नमतं घेऊ शकतो, तर ज्यांना नाही त्यांचं काय? शहर वसवायच्या सिमसिटी या २०१३ च्या गेमबद्दल सांगितलं जात होतं की शहराचा बराचसा हिशोब सर्व्हरवर होतो म्हणून ऑफलाइन शक्य नाही. पहिल्या आठवड्यात सर्व्हर कोसळले, लोक रांगेत ताटकळले, तेवढ्यात कोणीतरी नेट तोडून बघितलं तर शहर बराच वेळ मजेत चालत राहिलं, आणि वर्षभरात, मार्च २०१४ मध्ये, कंपनीने स्वतःच ऑफलाइन मोड दिला. ब्लिझर्ड कंपनीचा डायब्लो ३ हा गेम तर अजून मजेशीर. २०१२ मध्ये पीसीवर आला तेव्हा एकट्याने खेळायलाही नेट हवंच, पहिल्याच रात्री सर्व्हरवर गर्दी झाल्याच्या एरर ३७ ने लोकांचा जीव खाल्ला, आणि पुढच्याच वर्षी तोच गेम पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला तेव्हा नेटशिवाय छान चालत होता. मग अशक्य नक्की काय होतं? उलट ज्या क्लाउडच्या, म्हणजे कंपनीच्या दूरच्या सर्व्हरच्या, ताकदीचं २०१३ मध्ये ढोल बडवून मार्केटिंग झालं, तिचा नमुना म्हणून दाखवलेला क्रॅकडाउन ३ हा गेम अखेर २०१९ मध्ये आला तेव्हा क्लाउडवर चालणारी इमारतींची मोडतोड फक्त मल्टिप्लेअरमध्ये होती, जिथे नेट तसंही लागतंच.

चीटिंगचा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो. ज्याने दुसऱ्यांशी स्पर्धा करायची आहे त्याची सेव्ह फाइल, म्हणजे खेळातल्या कमाईची नोंद, त्याच्याच मशीनवर ठेवली तर तो तिच्यात हात घालणारच, आणि मग प्रामाणिक खेळणाऱ्याचं हसं होतं. मान्य. पण हा प्रश्न २००० मध्येच सुटला होता, डायब्लो २ मध्ये. तिथे दोन वेगळी दालनं होती: एकात घरच्या मशीनवर बनवलेली पात्रं घेऊन या, तिथे कोण काय करून येईल सांगता येत नाही, दुसऱ्यात पात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्व्हरवरच राहणार, तिथे शक्य तेवढी शिस्त. एकट्याने खेळायचं तर नेटची गरजच नाही. ज्याला शिस्त हवी त्याला शिस्त, ज्याला एकांत हवा त्याला एकांत. एकांतात मी खोटं सोनं कमावलं तर फसवणूक कोणाची झाली, माझीच ना? हे माहीत असलेल्या त्याच कंपनीने बारा वर्षांनी डायब्लो ३ मध्ये एकांताचं दालनच काढून टाकलं आणि सोबत खऱ्या पैशांत वस्तू विकायचं लिलाव-घर उघडलं. दोन्हीचा संबंध काय हे सांगायला फार अक्कल लागत नाही. लिलाव-घर २०१४ मध्ये बंद झालं, पीसीवरची सक्ती मात्र तशीच राहिली.

पायरसीचं म्हणाल तर चोरीने नुकसान होतच नाही असं मी म्हणणार नाही, ड्रीमकास्ट आणि पीएसपी या जुन्या गेम मशीनच्या बाबतीत ते झालं हे गेम बनवणारेच सांगतात. पण कायम-ऑनलाइनचा फटका बसतो कोणाला? २०१० मध्ये युबिसॉफ्टने पीसीवरच्या गेमला ही अट लावली, मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला, आणि अडकले कोण तर पैसे देऊन घेणारे. पुढे कुलूप फोडलेली चोरटी कॉपी निघाली तिला असलं काही लागत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. २०१२ पर्यंत युबिसॉफ्टने ती पद्धत सोडल्याचं सांगून टाकलं. आणि निन्टेंडो स्विचच्या सुरुवातीच्या मशीनमधल्या चिपमध्ये सॉफ्टवेअरने बुजवताच न येणारं भोक, म्हणजे चोरीचे गेम चालवायची वाट, आहे हे २०१८ मध्ये जगजाहीर झालं, तरी तो कन्सोल १५ कोटींच्या वर विकला गेला. सोय आणि चांगले गेम दिले की बहुतेक लोक पैसे देतात. जे देत नाहीत ते रोज हजेरी लावली तरी देणार नाहीत.

मला तर या सगळ्याला गेमिंगचा नवा प्रश्न म्हणणंच पटत नाही. विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा हात किती काळ राहावा, हे भांडण फार जुनं आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीच्या आत छापलं होतं की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकणं म्हणजे कॉपीराइटचा भंग. मेसीज दुकानाने ते ८९ सेंटला विकलं, खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९०८ मध्ये निकाल लागला की एकदा विकलं की पुढच्या विक्रीची किंमत ठरवायचा हक्क प्रकाशकाला उरत नाही. तो प्रकाशक पुस्तकात फक्त सूचना छापू शकत होता, ग्राहकाने ती वाचून पान उलटलं की संपलं. आता सूचना छापायची गरजच नाही, वस्तू स्वतःच विचारून घेते. आणि हा प्रयोगही आधी झालाय, सिनेमात. १९९८ मध्ये सर्किट सिटी या दुकानांच्या साखळीने डिव्हएक्स आणलं (पुढे त्याच नावाचा व्हिडिओ फॉरमॅट आला तो वेगळा). साधारण साडेचार डॉलरची डिस्क, एकदा सुरू केली की ४८ तास बघा, नंतर परत पैसे भरा, आणि प्लेअरला फोनची वायर जोडलेली, तो स्वतःच फोन करून कंपनीला हिशोब कळवणार. बाजूला साधी डीव्हीडी होती, जिला कोणालाही फोन करायचा नसायचा. वर्षभरात, १९९९ मध्ये, डिव्हएक्स गुंडाळलं गेलं, २००१ मध्ये पलीकडे फोन उचलणाराच उरला नाही आणि त्या डिस्क नुसत्या चकचकीत चकत्या झाल्या. तेव्हा लोकांना नको म्हणता आलं कारण शेल्फवर शेजारीच दुसरा पर्याय होता. आज एखादा गेम फक्त कायम-ऑनलाइन स्वरूपातच येतो तेव्हा त्याच गेमची साधी डीव्हीडी कुठून आणायची? बाजार ठरवेल म्हणणाऱ्यांचं घोडं इथेच पेंड खातं.

सर्व्हर चालवायला पैसा लागतो, कंपनीने तो जन्मभर का ओतायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण जन्मभर चालवा असं मागतंय कोण? द क्रू हा युबिसॉफ्टचा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला, एकट्याने खेळण्यासारखं त्यात भरपूर होतं तरी नेट सक्तीचं, आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केल्यावर विकत घेतलेली डिस्क कुचकामी. त्यातूनच यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू केली, युरोपात त्यांच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या, आणि ती मागणी एवढीच आहे की सर्व्हर बंद करताना गेम चालू शकेल अशा अवस्थेत सोडा. हे जमतं. नॉकआउट सिटी हा तर पूर्णपणे ऑनलाइन गेम, छोटा स्टुडिओ, २०२३ मध्ये सर्व्हर बंद करताना त्यांनी पीसीवर लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन टाकली. रेडफॉल या गेमला शेवटच्या अपडेटमध्ये ऑफलाइन मोड मिळाला, ग्रॅन टुरिस्मो स्पोर्टला मिळाला, आणि आरडाओरडा झाल्यावर द क्रू च्या पुढच्या भागालाही मिळाला. मात्र हे सगळं कंपनीच्या मर्जीवर. कॅलिफोर्नियात २०२५ पासून एक कायदा लागू झालाय की डिजिटल गेम विकताना ग्राहकाला नुसतं लायसन्स मिळतंय हे स्पष्ट सांगा. सांगितलं, पुढे काय? गळा कापणार आहोत हे आधी कळवलं म्हणून कापणं माफ होत नाही.

कंपन्या इतक्या वाईट नसतात असं म्हणणारे इथे गूगलच्या स्टेडिया या नेटवरून गेम खेळायच्या सेवेचं नाव घेतात, आणि दाखला चांगलाच आहे. स्टेडियावर तर सगळंच सर्व्हरवर चालायचं, तुमच्या हातात फक्त कंट्रोलर. जानेवारी २०२३ मध्ये ते बंद केलं तेव्हा गूगलने गेमचे आणि मशीनचे पैसे परत दिले, कंट्रोलरला ब्लूटूथ सुरू करून दिलं, म्हणजे निदान तो दुसरीकडे वापरता यावा. सभ्यपणे निरोप घेतला. पण गूगलच्या खिशाला ते परवडणारं होतं आणि नाव राखायची गरजही होती. जी कंपनी बुडाल्यामुळे सर्व्हर बंद करते तिच्याकडे परत द्यायला पैसे नसतात, ऑफलाइन मोड लिहायला माणसं नसतात, आणि तिचे हक्क लिलावात ज्याने घेतले त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. म्हणून ऑफलाइन मोड शेवटच्या अपडेटमध्ये देऊ या आश्वासनावर माझा भरवसा नाही. तो पहिल्या दिवशी डिस्कमध्ये हवा, आणि नसेल तर बॉक्सवर पुढच्या बाजूला, वयोमर्यादेच्या शिक्क्याएवढ्या आकारात, सर्व्हर निदान अमुक तारखेपर्यंत चालू राहील अशी तारीख हवी. ती तारीख छापायला कोणती कंपनी तयार होते ते बघायला मला आवडेल.